वाचकांची पत्रं, आमची उत्तरं : उकळतं तेल, सापाचं औषध आणि दंडावरचं नाक

गेल्या अंकात इटलीच्या चित्रकारांवर लेख आला आणि पत्रांचा रोख भलतीकडेच वळला. चित्रं राहिली बाजूला. बडोद्याच्या वाचकांना जाणून घ्यायचंय की ती चित्रं काढली जात होती त्या काळात माणूस आजारी पडला तर त्याचं काय व्हायचं. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. रेनेसाँचा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाचा काळ इथे ढोबळमानाने १४०० ते १६०० असा धरला आहे.

फ्लॉरेन्समधल्या एखाद्या घरात कुणाला ताप आला तर कोणाला बोलावत? न्हावी शस्त्रक्रिया करत हे खरं का?
(एक शिक्षिका, रावपुरा)

घरात पैसा असेल तर तापाला विद्यापीठात शिकलेला वैद्य. त्याचं शिक्षण लॅटिनमधून, मुख्यतः प्राचीन ग्रीक वैद्य गेलन आणि मध्ययुगीन इराणी वैद्य इब्न सीना यांच्या ग्रंथांवर झालेलं. तो नाडी बघायचा, लघवी बघायचा, खाण्यापिण्याची चौकशी करायचा आणि पथ्य व औषध लिहून द्यायचा. सुरीला तो सहसा हात लावत नसे. हाड बसवणं, गळू फोडणं, दात उपटणं, शीर तोडून रक्त काढणं ही 'हाताची कामं' शल्यवैद्याची किंवा न्हाव्याची. म्हणजे तुमचं ऐकीव खरं आहे, फक्त गावागणिक फरक होता. बोलोन्या आणि पादुआ इथल्या विद्यापीठांत शस्त्रक्रिया शिकवली जाई, त्यामुळे इटलीत वैद्य आणि शल्यवैद्य यांच्यातली भिंत बुटकी होती. पॅरिस आणि लंडनमध्ये ती चांगलीच उंच. लंडनमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ केला गेला. पण त्याच कायद्यात असंही लिहिलं की शल्यवैद्याने दाढी करायची नाही आणि न्हाव्याने दात काढण्यापलीकडे जायचं नाही. शरीरविच्छेदन शिकण्यासाठी या संघाला वर्षाला फाशी गेलेल्यांचे चार देह मिळत.

तिसरा माणूस म्हणजे 'स्पेत्सियाले'. बडोद्याच्या वाचकाला तो समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण तो म्हणजे आपला गांधी. गुजरातीत मसाले आणि काष्ठौषधी विकणाऱ्याला गांधी म्हणतात, तसंच तिकडे स्पेत्सिए म्हणजे मसाले विकणारा तो स्पेत्सियाले. एकाच गल्ल्यावर मिरी, साखर, मेणबत्त्या, औषधं आणि चित्रकारांचे रंग. फ्लॉरेन्समध्ये वैद्य आणि स्पेत्सियाले यांचा एकच व्यवसायसंघ होता आणि रंग याच दुकानातून घेतात म्हणून चित्रकारही त्याच संघात! कवी दान्तेचं नावही त्या संघाच्या यादीत होतं.

वैद्याची लघवी बघण्याची पद्धत मात्र बारकाईने सांगण्यासारखी आहे. भांडं फुग्यासारखं गोल, पातळ, बिनरंगी काचेचं. ते वेताच्या किंवा गवताच्या टोपलीत ठेवून न्यायचं. सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि भांडं उजेडात धरून रंग, दाटपणा आणि कोणत्या थरात काय तरंगतंय ते पाहायचं. वरचा थर डोक्याचा, मधला छातीचा, तळ मूत्राशयाचा असा हिशोब. पुस्तकांत वीसेक रंगांचं चक्र छापलेलं असे, पाण्यासारख्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. यात चूक कुठे व्हायची? नोकराने भांडं गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणलं की लघवी गार होते आणि गार झाली की निरोगी माणसाचीही गढूळ होते, त्यातले क्षार खाली बसतात. गढूळपणा दिसला की वैद्य रोग सांगून मोकळा. रोगी न बघता नुसत्या भांड्यावरून निदान करणाऱ्यांची त्या काळातही टिंगल होत असे.

या तिघांच्या पलीकडे सुइणी, मठांतल्या औषधं करणाऱ्या जोगिणी आणि फिरते कारागीर होते. इटलीच्या नोर्चा आणि प्रेची या डोंगरी गावांचे लोक डुकरं खच्ची करण्यात पटाईत होते. तोच सफाईचा हात वापरून ते अंतर्गळाची (हर्नियाची) आणि मुतखड्याची शस्त्रक्रिया करत. अंतर्गळ बंद करताना त्या बाजूचा अंड बऱ्याचदा कापूनच टाकत, आणि ते रोग्याला आधी सांगतही.

तेव्हाची रुग्णालयं म्हणजे नुसती धर्मशाळा होती का? भरती कशी करून घेत?
(एक परिचारिका, सयाजी रुग्णालय)

धर्मशाळेतून ती उगवली हे खरं, पण १५व्या शतकापर्यंत इटलीतली मोठी रुग्णालयं धर्मशाळेच्या खूप पुढे गेली होती. फ्लॉरेन्सचं सांता मारिया नुओव्हा १२८८ साली फोल्को पोर्तिनारीने स्थापन केलं. हा दान्तेच्या काव्यातली प्रेयसी बेआत्रिचे हिचा बाप. तिथे पगारी वैद्य होते, स्वतःचा औषधविभाग होता आणि दाखल होणारे बहुतेक ताप, जखमा, अतिसार अशा थोड्या दिवसांच्या दुखण्याचे गरीब लोक. पैसेवाला माणूस घरीच उपचार घ्यायचा. रुग्णालयात जाणं त्याला कमीपणाचं वाटे.

भरतीची रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. मार्टिन ल्यूथर १५१०-११च्या सुमारास इटलीत गेला होता, त्याने ती सांगून ठेवली आहे. रोगी आला की कारकुनासमोर त्याचे कपडे उतरवायचे, काय काय आहे त्याची यादी करून जपून ठेवायचं, त्याला पांढरा झगा घालायला द्यायचा आणि स्वच्छ चादरीच्या खाटेवर झोपवायचं. मग वैद्य येतात, सेवक स्वच्छ भांड्यांतून खाणंपिणं आणतात. पोपच्या नावाने बोटं मोडणाऱ्या ल्यूथरनेही या रुग्णालयांची स्तुती केली, त्यामुळे ही साक्ष वजनदार आहे. फक्त भरतीच्या वेळी आधी पापांची कबुली घेत, कारण देहाआधी आत्म्याची सोय. सिएनाच्या सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयात दोमेनिको दी बार्तोलोने १४४०च्या दशकात भिंतीवर रंगवलेल्या चित्रात हे सगळं एकत्र दिसतं. मांडीला खोल जखम झालेल्या तरुणाला धुताहेत, दोन वैद्य काचेचं भांडं बघताहेत, पलीकडे साधू एका रोग्याची कबुली ऐकतोय आणि पुढ्यात कुत्रं-मांजर एकमेकांसमोर उभी आहेत.

बांधकामाचं बघायचं तर मिलानचं ओस्पेदाले माज्जोरे. १४५६मध्ये फ्रान्चेस्को स्फोर्झाने ते काढलं, आराखडा फिलारेतेचा. लांबलचक दालनं अधिकच्या चिन्हासारखी एकमेकांना छेदतात, मधोमध वेदी, म्हणजे खाटेवरून मान वळवली की पूजा दिसावी. खिडक्या उंचावर, वारा रोग्याच्या अंगावर थेट येऊ नये म्हणून. खाटांच्या मागून शौचकूपांकडे जायचा रस्ता होता आणि त्यांच्या खालून कालव्याचं पाणी फिरवायची योजना होती. रोगजंतू कोणाला माहीत नव्हते, दुर्गंधीने रोग होतो असं ते मानत. समजूत चुकीची, पण तिच्यामुळे नाली मात्र बरोबर जागी आली.

सगळीकडे अशी चैन नव्हती. पॅरिसच्या ओतेल-दियमध्ये एका पलंगावर अनेक रोगी झोपवत.

तोफा-बंदुकांच्या जखमेवर उकळतं तेल ओतत असं वाचलं. असला अघोरीपणा कशासाठी?
(निवृत्त सैनिक, फतेगंज)

अघोरी होतंच, पण बिनडोक नव्हतं. बंदुकीची दारू विषारी असते, ती गोळीबरोबर जखमेत जाते, म्हणून जखम सडते, असं जोव्हान्नी दा व्हिगो या इटालियन शल्यवैद्याने १५१४च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं. विष जाळायचं तर आग हवी. म्हणून एल्डर नावाच्या झाडाचं तेल थोडं थेरिअक (त्याबद्दल पुढे) घालून उकळायचं आणि कढत ओतायचं.

१५३७मध्ये फ्रेंच सैन्य तुरीनकडे निघालं तेव्हा आंब्रवाझ पारे हा सत्ताविशीतला न्हावी-शल्यवैद्य सोबत होता. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, लॅटिन येत नव्हतं. शिक्षण ओतेल-दियच्या खाटांजवळ झालेलं. जखमी इतके आले की तेल संपलं. मग उरलेल्यांना त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं. हे टर्पेंटाइन म्हणजे रंगाच्या दुकानातलं पातळ द्रव्य नव्हे. पाइनसारख्या झाडांचा चिकट चीक. रात्री त्याला झोप लागली नाही, सकाळी सगळे विषबाधेने मेलेले दिसणार ही धास्ती. पहाटेच उठून गेला तर मिश्रणवाल्यांच्या जखमांना फारशी सूज नाही, वेदना कमी, रात्री झोपही लागलेली. तेलवाले तापाने फणफणलेले, जखमेभोवती सूज. १५४५मध्ये त्याने हे फ्रेंचमध्ये छापलं.

बलकाने जादू केली असं समजू नका. उकळत्या तेलाने जखमेच्या कडेचं जिवंत मांस मरतं आणि मेलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं जेवण. पारेने जे केलं त्यातलं महत्त्वाचं म्हणजे ते जाळणं टळलं; चिकाचा थोडाफार जंतुनाशक गुण हा वरकड. गंमत अशी की पुढे तुरीनच्या एका शल्यवैद्याची गुप्त कृती मिळवायला हाच पारे दोन वर्षं त्याच्या मागे लागला. कृती निघाली कुत्र्याची नुकती जन्मलेली पिल्लं लिलीच्या तेलात उकळून त्यात गांडुळं आणि टर्पेंटाइन घालण्याची. ती हातात पडल्यावर पारे खूश झाला! डोळ्यांनी पाहिलेलं मानायचं ही शिस्त त्याच्यात होती, पण सगळ्याच बाबतीत नव्हे.

अवयव कापताना त्याची रीत अशी: कातडी आणि स्नायू वर ओढून धरायचे, कापायच्या जागेच्या वर पट्टी करकचून आवळायची. या पट्टीची तीन कामं. कातडी वर राहते म्हणजे नंतर हाड झाकायला पुरते, रक्त थांबतं आणि खालचा भाग बधिर होतो. मग वाकड्या सुरीने मांस हाडापर्यंत आणि करवतीने हाड. तोवर रक्त थांबवायला लाल तापलेल्या सळईने डागत. १५५२मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात पारेने कावळ्याच्या चोचीसारख्या चिमट्याने एकेक रक्तवाहिनी ओढून दोऱ्याने बांधली. डागलेली खपली गळून पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती यात कमी.

तरी पुढची दीडशे-दोनशे वर्षं डागणीच का चालू राहिली? मांडी कापायची तर अनेक वाहिन्या बांधाव्या लागतात, त्याला कसलेला मदतनीस लागतो आणि तेवढा वेळ रक्त रोखून धरणारं साधन लागतं. पिळाचा आवळपट्टा पेती या फ्रेंच शल्यवैद्याने १७१८मध्ये आणला. शिवाय दोरा निर्जंतुक नसे; त्याचं लांब टोक जखमेबाहेर ठेवून तो कुजून सुटण्याची वाट बघत, म्हणजे घाणीला आत जायला वाटच. सळई निदान तापलेली असल्याने स्वच्छ असे.

रक्त काढायचं म्हणजे नेमकं कुठून? आणि त्यात माणसं दगावत का?
(एक विद्यार्थी, वाडी)

बहुतेकदा कोपराच्या आतल्या बाजूने. वर पट्टी बांधायची, रोग्याला काठी घट्ट धरायला लावायची म्हणजे शीर फुगते, आणि तिला लांबटसर छेद द्यायचा. सगळ्यात धोक्याची तिथली आतली शीर, कारण तिच्याच खाली धमनी आणि मज्जातंतू असतात. हात जरा खोल गेला की धमनी फाटायची आणि काही दिवसांनी तिथे ठोके देणारी गाठ उभी राहायची. पारेने अशा गाठींबद्दल लिहून ठेवलंय. अशक्त रोग्याचं वारंवार रक्त काढणं हे मात्र चुकून नव्हे, शास्त्रानुसार चालायचं. बरगडीच्या दुखण्यात रक्त त्याच बाजूने काढायचं की उलट्या, यावर १५१४पासून ब्रिसो नावाच्या पॅरिसच्या वैद्याने असा वाद पेटवला की शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस यालाही १५३९मध्ये त्यावर पुस्तिका लिहावी लागली. रोग्याचं काय झालं हे मोजायचं सोडून गेलनच्या शब्दांचा अर्थ लावण्यात त्या भांडणाचा बराच भाग खर्ची पडला.

इटलीतली नाकाची शस्त्रक्रिया आपल्या सुश्रुताचीच का?
(दोन पत्रं: दांडिया बाजार, आणि सयाजीबागेजवळून)

दोन्ही पत्रांत उत्तर 'हो' अपेक्षित आहे असं दिसतं. आधी कृती शेजारी शेजारी ठेवू, कारण फरक कृतीतच आहे.

सुश्रुतसंहितेत झाडाचं पान नाकाच्या मापाने कापायचं, त्या मापाचं कातडं गालावरून सोडवायचं पण एका बाजूला जोडलेलं ठेवायचं, नाकाचा बुंधा खरवडून त्यावर बसवून शिवायचं, श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या, वर पतंग (एक लाल लाकूड), ज्येष्ठमध आणि रसांजनाची पूड टाकून पांढऱ्या कापसाने झाकायचं आणि वरचेवर तिळाचं तेल शिंपडायचं.

बोलोन्याचा गास्पारे ताल्याकोत्सी कातडं दंडावरून घेतो. सिसिलीच्या ब्रांका घराण्यात १५व्या शतकात ही दंडाची पद्धत वापरत होते. ताल्याकोत्सीने ती शास्त्रशुद्ध करून १५९७मध्ये चित्रांसह छापली. त्याची कृती अशी. दंडाच्या पुढच्या भागावरचं कातडं रुंद तोंडाच्या चिमट्याने उचलायचं आणि दोन समांतर छेद देऊन खालून मोकळं करायचं, पण दोन्ही टोकं जोडलेली ठेवायची. मधून तागाच्या कापडाची पट्टी ओवायची, म्हणजे कातडं पुन्हा खाली चिकटत नाही. रोज पट्टी सरकवत दोनेक आठवडे जाऊ द्यायचे. या काळात कातड्याच्या दोन्ही टोकांचा रक्तपुरवठा बळकट होतो आणि खालची बाजू घट्ट बनते. मग वरचं टोक कापायचं, आता ते जिभेसारखं लोंबतं. आणखी काही दिवस ते पक्कं होऊ द्यायचं. नाकाचा बुंधा ताजा करून हे टोक त्याला शिवायचं आणि दंड डोक्याला बांधायचा. त्यासाठी चामड्याच्या पट्ट्यांचं जाकीट आणि टोपी असा एकसंध पोशाख शिवलेला. असा हात कपाळाशी धरून रोगी सुमारे वीस दिवस राहायचा. मग दंडाकडचं टोक कापायचं आणि पुढच्या टप्प्यांत नाकपुड्या आणि मधला पडदा घडवायचा. सगळ्याला मिळून काही महिने.

हात घसरला, रोग्याने झोपेत ओढलं की टाके उसवत आणि सगळी मेहनत जायची. जमलेलं नाकही थंडीत निळं पडायचं, म्हणून जोरात शिंकरायला आणि थंडीत उघडं फिरायला मनाई. दुसऱ्याच्या दंडाचं कातडं का घेत नाहीत, याचं उत्तरही त्याने दिलंय: प्रत्येक देहाची आपली प्रकृती वेगळी असते, आणि शिवाय दोन माणसांना इतके दिवस एकत्र बांधून ठेवणार कोण? नाकं जायची द्वंद्वयुद्धात आणि फिरंगरोगात (सिफिलिस, त्याबद्दल पुढे), त्यामुळे गिऱ्हाइकांची वाण नव्हती.

तर सुश्रुताचं कातडं गालाचं, ताल्याकोत्सीचं दंडाचं. भारतीय पद्धत युरोपात कागदोपत्री पोहोचली ती नंतर, आणि तीही आपल्या पुण्याहून. १७९२च्या युद्धात इंग्रजांचा गाडीवान कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं आणि इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ते छापलं. मेणाचा पातळ पत्रा बुंध्यावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची. मग कातडं अर्धं पिळून खाली आणून बुंध्याच्या खाचेत बसवायचं. टाके नाहीत! पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा थर चिकटवायचे, चार दिवस तसंच. नंतर तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापायची. हे वाचून लंडनच्या कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४मध्ये तसं करून पाहिलं आणि जमलं.

कपाळाचं कातडं श्रेष्ठ का? ते नाकाच्या शेजारीच असल्याने हात बांधावा लागत नाही, रंग जुळतो आणि त्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा रक्तपुरवठा भक्कम असतो.

आमच्याकडे काष्ठौषधींचा जुना व्यापार आहे. 'थेरिअक' नावाच्या औषधात काय काय पडत असे?
(एक व्यापारी, मांडवी)

तुमच्या दुकानातला बराच माल पडत असे. रोमन सम्राट नीरोचा वैद्य अँड्रोमॅकस याच्या कृतीत ६४ घटक आहेत: मिरी, पिंपळी, सुंठ, दालचिनी, कोष्ठ, जटामांसी, केशर, बोळ, अफू आणि हे सगळं मधात कालवून केलेला अवलेह, च्यवनप्राशासारखा दाट. मुख्य घटक मात्र फुरसं-घोणसाच्या जातीचा विषारी साप. वसंतात पकडलेल्या माद्या, पण गाभण नसलेल्या. डोकं आणि शेपटी चार-चार बोटं कापून टाकायची, कातडी आणि आतडी काढायची, मांस मीठ आणि शेपूसारख्या वनस्पतीबरोबर शिजवून पावाच्या चुऱ्यात मळायचं आणि वड्या करून सुकवायच्या. विषावर उतारा विषारी प्राण्यातूनच, हा तर्क.

व्हेनिसचं थेरिअक सगळ्यात नावाजलेलं. ते चौकात, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, सगळे घटक लोकांना दाखवून कुटत. यामागे धर्म नव्हे, बाजार होता: ६४ घटकांत भेसळ कुठेही करता येते. महाग केशर आणि दालचिनीच्या जागी दुसरंच काही, नाहीतर भलतेच साप. १५७५मध्ये बोलोन्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्ड्रोव्हांडी आणि तिथले औषधविक्रेते यांच्यात साप योग्य होते की नव्हते यावरून जुंपली. आल्ड्रोव्हांडीला पदावरून दूर केलं आणि शेवटी पोपकडे दाद मागावी लागली.

गुण आला तर तो कशाचा? अफूचा. खोकला दबतो, जुलाब थांबतात, वेदना कमी होतात, झोप लागते. ताज्या थेरिअकात अफूचा जोर जास्त म्हणून काही वर्षं मुरवूनच ते उत्तम मानत. सापाच्या विषावर त्याचा उपयोग शून्य.

चोचीच्या मुखवट्यातले प्लेगचे डॉक्टर खरंच असे फिरत?
(रावपुरा)

रेनेसाँमध्ये नाही. तो पोशाख शार्ल द लोर्म या फ्रेंच वैद्याच्या नावावर आहे, साल १६१९; प्रसिद्ध चित्र १६५६चं. १५व्या-१६व्या शतकात खरं काम केलं ते वेगळं ठेवण्याने. रागुसाने (आजचं दुब्रोव्निक बंदर) १३७७मध्ये साथीच्या गावाहून आलेल्यांना ३० दिवस बाहेर ठेवलं, पुढे ते ४० झाले आणि इटालियन 'क्वारांता' म्हणजे चाळीस, त्यावरून क्वारंटाइन. व्हेनिसने १४२३मध्ये एका बेटावर रोग्यांसाठी आणि १४६८मध्ये दुसऱ्या बेटावर संशयितांसाठी जागा केली. मालात सर्वांत कडक नजर कापडावर, आणि तेच बरोबर होतं, प्लेग पसरवणाऱ्या पिसवा कापडातूनच येतात. वाईट निर्णय म्हणजे रोगी निघाला की अख्खं कुटुंब घरात कोंडायचं; निरोगी माणसांनाही त्याच पिसवांत बसवलं.

आमच्या आजोबांच्या वैद्यकाच्या पोथीत 'फिरंग' नावाचा रोग आणि त्यावर चोपचिनी लिहिली आहे. ही चोपचिनी युरोपातही होती का?
(वाडी)

होती, आणि मोठ्या मानाने होती. १४९५मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स नेपल्सला होता तेव्हा सिफिलिसची पहिली मोठी साथ उसळली. फ्रेंच तिला नेपल्सचा रोग म्हणत, इटालियन फ्रेंचांचा. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आपल्याकडे आली आणि १६व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला नाव पडलं फिरंगरोग. सगळ्यांनीच तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलला. आपण तरी कशाला मागे राहू!

युरोपात दोन उपाय होते. एक पाऱ्याचा. चरबीत पारा घोटून तो मलम सांध्यांना चोळायचा, तापवलेल्या बंद खोलीत रोग्याला पांघरुणात गुंडाळून वीस-तीस दिवस ठेवायचं. लाळेच्या धारा लागल्या की रोग बाहेर पडतोय असं समजत. खरं तर ती पाऱ्याची विषबाधा. दात हलायचे, हिरड्या सडायच्या, हात थरथरायचे. उलरिख फॉन हुटेन या जर्मन लेखकाने हे अकरा वेळा सोसलं. दुसरा उपाय त्याने १५१९मध्ये सांगितला तो अमेरिकेहून आणलेलं ग्वायाक लाकूड: एक भाग कीस आठ भाग पाण्यात दिवस-रात्र भिजवायचा, मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं, दोनदा प्यायचं आणि तीसेक दिवस जवळजवळ उपाशी राहायचं. वर आलेला फेस फोडांना लावायचा. औषध निरुपद्रवी होतं आणि निरुपयोगीही. फोड आपोआप बसतात, रोग आत लपतो, आणि श्रेय लाकडाला. हुटेन १५२३मध्ये त्याच रोगाने गेला.

चोपचिनी हे औषधी मूळ चीनकडून गोव्यामार्गे आलं. सम्राट पाचवा चार्ल्स ती संधिवातासाठी घेई म्हणून व्हेसालियसने १५४६मध्ये तिच्यावर पत्र छापलं. त्यातला बराचसा भाग चोपचिनीऐवजी गेलनच्या चुकांवरच आहे. भावप्रकाश चोपचिनीबरोबर रसकापूर हा पाऱ्याचा क्षारही देतो, आणि किती जपून! गव्हाच्या कणकेच्या गोळीत तो भरायचा, वर लवंगेची पूड लावायची आणि दातांना न लागू देता गिळायचं. म्हणजे पाऱ्याने तोंडाचं काय होतं ते इथेही नीट कळलेलं होतं. पोथीतलं रसकापूर कृपा करून कोणी करून बघू नका. ते आजही तितकंच विष आहे आणि या रोगाला पेनिसिलिन आहे.

याच संदर्भात गार्सिया द ओर्ताचं नाव घ्यायला हवं. १५३४मध्ये गोव्यात आलेला हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही जात असे. १५६३मध्ये त्याने गोव्यातच भारतीय औषधांवर ग्रंथ छापला. त्यात पटकीच्या रोगाला तो 'मोर्देशी' म्हणतो, आणि हा शब्द आपलाच आहे: मोडशी. पुढे फ्रेंचांनी तो ऐकून 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ होईल असा करून टाकला. इथले वैद्य मोडशीच्या रोग्याला काय देतात तेही ओर्ताने नोंदवलं. तांदळाची पेज, त्यात मिरी आणि जिरं. शरीरातलं पाणी झपाट्याने जात असताना पेजेतून पाणी आणि पिष्ट दोन्ही पोटात जातं, आणि पिष्टाच्या मदतीने आतडं पाणी शोषून घेतं. त्या पेजेत चिमूटभर मीठ पडलं असतं तर कृती जवळजवळ आजच्यासारखी झाली असती.